खोलगट छातीची शस्त्रक्रिया: पहिल्या तपासणीपासून बार काढेपर्यंत, क्रमाने

शस्त्रक्रियेनंतरचा तिसरा दिवस. सोळा वर्षांचा मुलगा पलंगावर टेकून बसलाय, त्याला स्वच्छतागृहात जायचंय. वडील मायेने पुढे होतात, त्याचे दोन्ही हात धरतात आणि "चल, ऊठ बाळा" म्हणत ओढतात. मुलगा किंचाळतो, चेहरा पांढराफटक पडतो. छाती आतून उचलून धरणारा धातूचा बार सरकला नाही, हे नशीब. पण त्या धसक्याने पुढचे दोन दिवस त्याने उठायचं नावच काढलं नाही, आणि पडून राहिल्यामुळे फुफ्फुसाच्या तळाला कफ साचला. घरी जायचा दिवस लांबला.

मी छातीच्या शस्त्रक्रियांच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशननंतर माणसाला पहिल्यांदा उठवून बसवण्याचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे काय बिघडतं ते मला जवळून दिसतं. सर्जनचं काम साधारण एक ते दोन तासांत आटोपतं. त्याआधीचे काही महिने आणि नंतरची तीनेक वर्षं मात्र घरच्यांच्या हातात असतात. तिथे चूक होते ती बहुधा क्रमाची. आधी करायचं ते मागे पडतं आणि सावकाश करायचं ते घाईत उरकलं जातं. म्हणून हा लेख क्रमानेच लिहिला आहे.

ज्याला आपण खोलगट छाती म्हणतो त्याला डॉक्टर पेक्टस एक्स्कॅव्हेटम म्हणतात. बरगड्यांना छातीच्या मधल्या हाडाशी, म्हणजे उरोस्थीशी जोडणाऱ्या कूर्चा वेड्यावाकड्या वाढतात आणि उरोस्थी आत ढकलली जाते. वाढीच्या वयात, उंची झपाट्याने वाढते तेव्हा हा खड्डाही झपाट्याने खोल होतो.

टप्पा १: शस्त्रक्रिया लागणार आहे का, हे आधी ठरवा

खड्डा दिसतो म्हणून ऑपरेशन होत नाही आणि आकडा मोठा आला म्हणूनही लगेच होत नाही. तीन गोष्टी एकत्र पाहिल्या जातात: खड्डा किती खोल, हृदय-फुफ्फुसांवर दाब किती, आणि त्या माणसाला त्याचा त्रास किती.

खोली मोजण्यासाठी हॅलर इंडेक्स वापरतात. छातीची आतली रुंदी भागिले उरोस्थी आणि मणका यांच्यातलं सर्वांत कमी अंतर. समजा रुंदी २६ सेंटीमीटर आहे आणि उरोस्थीपासून मणक्यापर्यंत फक्त ७ सेंटीमीटर उरलेत, तर इंडेक्स साधारण ३.७ येतो. सर्वसाधारण छातीत तो २.५ च्या आसपास असतो. ३.२५ च्या वर गेला की खड्डा तीव्र धरतात. एक बारकावा लक्षात ठेवा: श्वास पूर्ण भरून काढलेल्या स्कॅनमध्ये आकडा कमी येतो, श्वास सोडून काढलेल्या स्कॅनमध्ये जास्त. दोन ठिकाणचे दोन आकडे घेऊन घाबरण्याआधी स्कॅन कोणत्या श्वासाला काढलाय ते विचारा.

त्रासाची यादी घरूनच लिहून न्या. दम कधी लागतो, किती जिने चढल्यावर लागतो, बरोबरीची मुलं धावत असताना हा कधी थांबतो, छातीत धडधडतं का, दुखतं का. "तसा काही त्रास नाही" हे उत्तर मी फार वेळा ऐकलंय, आणि नंतर कळतं की मुलाने दोन वर्षांपूर्वीच खेळणं सोडलंय, म्हणून त्रास जाणवत नाही.

आणि मनाचा त्रासही सांगा. पोहायला न जाणारा, चारचौघांत शर्ट न काढणारा, सतत खांदे पुढे घेऊन वाकून चालणारा मुलगा खड्डा लपवत असतो. मुली तर याबद्दल आईशीसुद्धा बोलत नाहीत. हे कारण कमी दर्जाचं नाही. डॉक्टरांसमोर ते मुलाने स्वतः, स्वतःच्या शब्दांत सांगायला हवं. आईवडिलांनी पाच मिनिटं बाहेर बसलं तरी चालेल.

खड्डा उथळ असेल, छाती अजून लवचिक असेल तर व्हॅक्यूम बेल हा बिनशस्त्रक्रियेचा पर्याय असतो. वाटीसारखं हे साधन छातीवर बसवून हवा ओढून घेतात आणि उरोस्थी हळूहळू वर उचलली जाते. ते रोज, तासन्‌तास, वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ वापरावं लागतं. दोन महिन्यांत कपाटात ठेवायचं असेल तर सुरूच करू नका.

*नेहमीची चूक:* "आधी सहा महिने जिम लावून बघू." व्यायामाने स्नायू भरतात, पाठ सरळ होते, दम सुधारतो. उरोस्थी जागची हलत नाही. उलट कडेचे स्नायू वाढले की मधला खड्डा जास्त उठून दिसतो. व्यायाम जरूर करा, पण तो शस्त्रक्रियेची तयारी म्हणून.

टप्पा २: तपासण्या, आणि त्यातली जी सगळ्यात आधी हवी ती

सीटी स्कॅन किंवा एमआरआय, हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको, ईसीजी, फुफ्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी आणि गरज असेल तर चालत्या पट्ट्यावरची किंवा सायकलवरची दमाची चाचणी, हा नेहमीचा संच. इकोमध्ये हृदयाच्या उजव्या बाजूवर दाब आहे का आणि झडप नीट मिटते का ते बघतात. विमा असेल तर या अहवालांच्या प्रती जपून ठेवा. "हे सौंदर्यासाठीचं ऑपरेशन आहे" असा आक्षेप आला तर उत्तर याच कागदांत असतं.

मूल उंच, सडपातळ, लांबसडक बोटांचं आणि सैल सांध्यांचं असेल तर मार्फान सिंड्रोमची, म्हणजे शरीर बांधून ठेवणाऱ्या ऊतींच्या आनुवंशिक विकाराची, शंका डॉक्टरांना बोलून दाखवा. त्यात महाधमनीचं मूळ फुगलेलं असू शकतं आणि ते आधी कळलं तर शस्त्रक्रियेचा आणि भुलेचा सगळा आराखडा बदलतो. पाठीच्या कण्याचा बाकही याच वेळी तपासून घ्यावा.

आता ती तपासणी, जी सगळ्यात आधी हवी आणि सगळ्यात शेवटी आठवते: धातूची ॲलर्जी. नेहमीचा बार स्टेनलेस स्टीलचा असतो आणि त्यात निकेल असतं. तो तुमच्या शरीरात दोन-तीन वर्षं राहणार आहे. पट्ट्याच्या बकलाने पोटावर चट्टा उठतो का? घड्याळाने मनगट खाजतं का? खोट्या कानातल्यांनी कान चिघळतात का? घरात कुणाला असं होतं का? एका मुलीच्या कानांची गोष्ट ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, गप्पांच्या ओघात बाहेर आली. सगळी तयारी झाली होती, नातेवाईक येऊन बसले होते, आणि तारीख पुढे ढकलावी लागली.

कारण साधं आहे. ॲलर्जी तपासायच्या पॅच टेस्टमध्ये पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या साधारण ४८ तास ठेवतात आणि पुढचे एक-दोन दिवस पुन्हा बघतात, म्हणजे आठवडा गेलाच. ॲलर्जी निघाली तर टायटॅनियमचा बार लागतो, आणि तो बऱ्याचदा स्कॅनच्या मापावरून आधीच वाकवून मागवावा लागतो.

> पुढे जाण्याआधी तपासा: इको झाली? फुफ्फुसांची चाचणी झाली? धातूच्या ॲलर्जीचा प्रश्न कुणीतरी स्पष्ट विचारला आणि फाइलमध्ये लिहिला? तिन्हींचं उत्तर "हो" असेल तरच तारीख ठरवा.

टप्पा ३: कोणती पद्धत आणि कधी

मुख्य पद्धती दोन. रॅव्हिच पद्धतीत छातीवर पुढून छेद घेऊन वेड्या वाढलेल्या कूर्चा काढतात आणि उरोस्थी सरळ करून बसवतात. नस पद्धतीत दोन्ही कुशींना छोटे छेद घेऊन, दुर्बिणीतून बघत, उरोस्थीच्या मागून वाकवलेला धातूचा बार सरकवतात आणि तो उलटा फिरवून उरोस्थी आतून वर उचलतात. कूर्चा कापत नाहीत. इथे "नस" म्हणजे शीर नाही. १९८७ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा वापरणाऱ्या डोनाल्ड नस या सर्जनचं ते आडनाव आहे. "नसेचं ऑपरेशन आहे" असं ऐकून आलेल्या दोन आजींची समजूत मला काढावी लागलीय, म्हणून सांगितलं.

छाती फार वाकडी असेल, एका बाजूला पिळलेली असेल किंवा आधीचं ऑपरेशन फसलं असेल, तर रॅव्हिचचा विचार जास्त होतो. पुढचं सगळं मी नस पद्धत धरून लिहिते, कारण किशोरवयात बहुधा तीच केली जाते.

वय साधारण बारा ते अठरा सोयीचं. छाती अजून वळते, आणि बार आत असेपर्यंत वाढीचा मोठा टप्पाही उलटून जातो. फार लहानपणी केलं तर पुढच्या वाढीत खड्डा परत येण्याचा धोका राहतो. प्रौढांतही ही शस्त्रक्रिया होते, पण छाती ताठ झालेली असल्याने दुखणं जास्त आणि बऱ्याचदा एकाऐवजी दोन किंवा तीन बार लागतात.

तारीख ठरवताना समोर तीन वर्षांची दिनदर्शिका ठेवा. ऑपरेशननंतर किमान दोन-तीन आठवडे शाळा-कॉलेज नाही, सहा आठवडे दप्तर नाही, तीन महिने धसमुसळा खेळ नाही. आणि तीन वर्षांनी बार काढायलाही वेळ लागणार. बार काढायची वेळ आणि आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची परीक्षा एकाच महिन्यात आणू नका.

सर्जनला विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या: तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? दुखण्यासाठी काय देणार? बार किती वर्षं ठेवणार? काढायलाही तुमच्याकडेच यायचं ना? सरकला तर काय करता? हे विचारल्याने चांगल्या सर्जनला राग येत नाही.

टप्पा ४: आधीचे सहा आठवडे

याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. ऑपरेशननंतर दुखत असताना नवीन काही शिकता येत नाही. जे अंगवळणी पडलेलं असतं तेवढंच आठवतं.

१. *श्वासाचं यंत्र आत्ताच आणा.* तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं यंत्र, स्पायरोमीटर. दर दहापैकी निम्मे लोक त्यात फुंकतात, असं माझ्या रोजच्या बघण्यात आहे. ते फुंकायचं नाही, ओढायचं. आधी श्वास सोडा, नळी ओठांत घट्ट धरा, मग सरबत ओढावं तसा सावकाश श्वास आत घ्या. चेंडू झटक्यात टणकन उडवण्यात काही अर्थ नाही. ते वर तरंगत राहायला हवेत, तीन ते पाच सेकंद. रोज सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. तुमचा आत्ताचा आकडा वहीत लिहून ठेवा, नंतर तोच गाठायचा आहे.

२. *उठायचा सराव.* टप्पा ६ मध्ये सांगितलंय तसं उठायला आणि झोपायला आत्तापासून शिका. जो कुणी सोबत राहणार आहे त्यानेही.

३. *पाठीवर झोपायची सवय.* कुशीवर झोपणाऱ्याला ती एका रात्रीत लागत नाही.

४. *पाय आणि मांड्यांचे व्यायाम.* खुर्चीतून हात न टेकता उठणं, दिवसातून तीन वेळा दहादा. ऑपरेशननंतर हातांचा आधार घेता येणार नाही, तेव्हा मांड्याच कामी येतात.

५. *सिगारेट, व्हेप बंद.* पूर्ण बंद, किमान चार ते सहा आठवडे आधी. मुलं घरी सांगत नाहीत. भूलतज्ज्ञाला खरं सांगा, एवढंच मी त्यांना बजावते.

६. *त्वचा.* छातीवर, काखेत, पाठीवर पुटकुळ्या किंवा जखम असेल तर आधी उपचार घ्या. बारला जंतू लागले तर ते निस्तरणं फार जड जातं. छातीवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका, बारीक चिरांतून जंतू शिरतात.

७. *औषधांची यादी.* रोजच्या गोळ्या, दम्याचा पंप, आयुर्वेदिक काढे, प्रोटीन पावडर, सगळं. ॲस्पिरिन आणि रक्त पातळ करणारं काहीही स्वतःच्या मनाने बंद किंवा सुरू करू नका.

घरात एक पलंग असा करा की डोक्याकडची बाजू उंच राहील. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणून ठेवा. पुढून बटणं असलेले सैल शर्ट काढून ठेवा, कारण डोक्यातून टी-शर्ट घालणं काही दिवस जमणार नाही. आणि तीन फोटो: समोरून, कडेने आणि वरून, एकाच उजेडात. पुढे कधी "छाती पुन्हा बसली की काय" असं वाटलं तर तुलनेला हे उपयोगी पडतात.

> थांबा: ऑपरेशनच्या आधीच्या दोन आठवड्यांत सर्दी, ताप, खोकला किंवा पोट बिघडलं तर ताबडतोब कळवा. तारीख जाईल म्हणून लपवू नका. खोकला असताना ही शस्त्रक्रिया म्हणजे प्रत्येक खोकल्यागणिक हाल, आणि न्यूमोनियाचा धोका वेगळाच.

टप्पा ५: शस्त्रक्रियेचा दिवस

साधारणपणे घन अन्न सहा तास आधी बंद आणि साधं पाणी दोन तास आधी बंद. तुमच्या भूलतज्ज्ञाने वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळा. दूध पाण्यात धरत नाहीत. सांगितलेल्या औषधी साबणाने आदल्या रात्री आणि सकाळी अंघोळ करा.

भूल पूर्ण असते. आत काय चालतं ते टप्पा ३ मध्ये आलंच. बार कडेच्या बरगड्यांना टाक्यांनी किंवा छोट्या धातूच्या पट्टीने बांधतात, छातीतली हवा काढतात, एक्स-रे घेतात. थोडी हवा मागे उरली तर बहुधा ती आपोआप जिरते. एक्स-रेच्या अहवालात ते वाचून हबकू नका, पण डॉक्टरांना विचारा.

टप्पा ६: रुग्णालयातले दिवस

*दुखणं.* छाती एका दिवसात नव्या आकारात उचलली गेलीय, दुखणारच. त्यासाठी एपिड्युरल म्हणजे पाठीत कण्याजवळ बारीक नळी घालून दिलेलं बधिरतेचं औषध, बटण दाबल्यावर औषध देणारा पंप, बरगड्यांमधल्या संवेदना नेणाऱ्या नसांना (शिरा नव्हे, मज्जातंतू) दिलेलं इंजेक्शन, किंवा क्रायो म्हणजे त्या नसा काही मिनिटं गोठवून बधिर करणं, असे उपाय असतात. क्रायो केलं तर लोक बऱ्याचदा एक-दोन दिवसांत घरी जातात, एरवी चार-पाच दिवस लागतात. पण क्रायोचा पूर्ण परिणाम यायला काही तास, कधी दिवसभर लागतो. पहिल्या रात्री दुखलं म्हणजे ते फसलं असं नाही. छातीची कातडी नंतर काही महिने बधिर राहते. त्या भागावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, भाजलेलं कळणार नाही.

*नेहमीची चूक:* "अगदीच सहन होईना की गोळी घेऊ." गोळ्या घड्याळाच्या काट्यावर घ्या, विशेषतः पहिला आठवडा. दुखणं एकदा डोक्यावर चढलं की ते उतरवायला दुप्पट औषध लागतं आणि तोवर श्वासही उथळ झालेला असतो.

*उठणं.* हे सावकाश वाचा.

पलंगाची डोक्याकडची बाजू जाईल तितकी उभी करा. रुग्णाने दोन्ही हात छातीसमोर घेऊन उशी कवटाळायची. सोबतच्या माणसाने कडेला उभं राहून एक तळवा त्याच्या दोन खांद्यांच्या मधोमध, पाठीवर सपाट ठेवायचा. दुसरा हात गुडघ्यांखाली. रुग्ण स्वतः "एक, दोन, तीन" म्हणणार. तीनला पाय पलंगाखाली उतरतात आणि पाठ तळव्यावर रेलत सरळ वर येते. धड, खांदे, कंबर एकाच ओळीत, लाकडी फळीसारखी. पीळ नको. मग कडेवर बसून तीन श्वास, चक्कर नाही ना ते बघायचं, आणि मांड्यांच्या जोरावर उभं राहायचं. झोपताना हेच उलट क्रमाने.

काखेत हात घालून उचलायचं नाही. हाताला धरून ओढायचं नाही. पलंगाचा कठडा धरून स्वतः ओढून उठायचं नाही. छातीचे स्नायू बारवर ताण आणतात तो नेमका याच हालचालींत.

*श्वास आणि खोकला.* जागेपणी दर तासाला स्पायरोमीटर दहा वेळा. खोकला दाबून ठेवू नका. उशी छातीवर घट्ट दाबून, थोडं पुढे झुकून, एकदाच मोकळा खोकला. दहा वेळा खुडखुड करण्यापेक्षा तो कमी दुखतो.

*पोट.* दुखण्याच्या जोरदार औषधांनी बद्धकोष्ठ होतोच. पहिल्या दिवसापासून पोट साफ करणारं औषध मागून घ्या, पाणी प्या, चाला. चौथ्या दिवशी जोर लावून कुंथणारा रुग्ण मी पाहिलाय. बरगड्यांपेक्षा त्याने तो जास्त हैराण होता.

> घरी जाण्याआधी तपासा: स्वतःच्या पायांनी स्वच्छतागृहात जाऊन येता येतं? गोळ्यांवर दुखणं आटोक्यात आहे? शेवटचा एक्स-रे डॉक्टरांनी बघितला? गोळ्या कधी आणि कशा कमी करायच्या ते लिहून घेतलं? गॅबापेंटिनसारखी मज्जातंतूंच्या दुखण्यावरची औषधं एकदम तोडत नाहीत, पायरीपायरीने कमी करतात. विमानप्रवास असेल तर परवानगी वेगळी विचारली?

टप्पा ७: पहिले सहा आठवडे

बारभोवती शरीर हळूहळू घट्ट आवरण तयार करतं. ते होईपर्यंत बार फक्त टाक्यांच्या किंवा त्या छोट्या पट्टीच्या भरवशावर आहे, हे डोक्यात पक्कं ठेवा. आणि गंमत अशी की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुखणं उतरलेलं असतं, बार मात्र अजून पक्का बसलेला नसतो. घात होतो तो या दिवसांत. मुलगा बरा वाटतोय म्हणून दप्तर उचलतो, भावंडांशी मस्ती करतो, जड दरवाजा खांद्याने ढकलतो.

- पाठीवर झोपा, कुशीवर किंवा पालथं नाही.
- दोन-तीन किलोंहून जड काही उचलू नका. दप्तर दुसऱ्याने घ्यायचं, एका खांद्यावर तर मुळीच नाही.
- कमरेतून पीळ देऊ नका. मागे बघायचं तर पावलं वळवून अख्खं वळा.
- खाली पडलेलं उचलताना पाठ सरळ ठेवून गुडघ्यांतून बसा.
- गाडी, दुचाकी, सायकल चालवू नका. गाडीत मागे बसा, पट्टा लावाच, हवं तर पट्ट्याखाली छोटी उशी घ्या.
- चालणं मात्र रोज वाढवा. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात, मग दहा मिनिटं, वीस, तीस.

खांदे पुढे घेऊन वाकून बसायची जुनी सवय आता मोडायची आहे. इतकी वर्षं खड्डा लपवण्यासाठी ती लागली होती. भिंतीला टाचा, ढुंगण, खांदे आणि डोकं टेकवून दोन मिनिटं उभं राहणं, दिवसातून चार वेळा, एवढं पुरे. दुखत असलेला माणूस नकळत एका बाजूला झुकतो. आरशासमोर उभं करून ते त्याला दाखवा.

सर्जनने दिलेले आकडे माझ्यापेक्षा वेगळे असतील तर त्यांचेच पाळा. त्यांनी तुमची छाती आतून बघितलेली असते.

> लगेच फोन करा: ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर. जखम लाल, गरम किंवा वाहती. एकाएकी टोचणारं दुखणं किंवा छातीचा आकार बदलल्यासारखा वाटणं. कुशीत बारचं टोक बाहेर डोकावणं. आडवं झाल्यावर वाढणारं आणि पुढे झुकल्यावर कमी होणारं छातीतलं दुखणं. खोकल्यातून कफ पडणं किंवा पोटरी सुजणं.
> फोन न करता थेट तातडीच्या विभागात: वाढत जाणारा दम, ओठ निळे पडणं, चक्कर येऊन पडणं, छातीवर जोराचा मार बसणं.

टप्पा ८: बारसोबतची वर्षं

सहा आठवड्यांनंतर तपासणी झाली की हलकं पळणं, साधे व्यायाम सुरू होतात. तीन महिन्यांनंतर सर्जनच्या परवानगीने पोहणं आणि बहुतेक खेळ. कुस्ती, बॉक्सिंग, धडकाधडकीचे खेळ याबद्दल मात्र स्पष्ट विचारा. काही सर्जन बार असेपर्यंत त्यांना नाहीच म्हणतात.

परवानगी मिळाल्यावर हालचाल न करणं हीही चूकच. आईवडील तीन वर्षं मुलाला काचेच्या भांड्यासारखं जपतात आणि मूल कडक, घाबरट होऊन बसतं. ठरल्या वेळेनंतर त्याला पळू द्या.

एक कार्ड बनवून पाकिटात आणि फोनच्या कव्हरमध्ये कायम ठेवा. त्यावर तीन ओळी: छातीत धातूचा बार आहे, कोणत्या धातूचा, कोणत्या तारखेला बसवला. हृदय बंद पडल्यास छाती दाबायला नेहमीपेक्षा जास्त जोर लागेल, पण दाबणं थांबवू नका. विजेचा झटका द्यायचा झाल्यास एक पॅड पुढे आणि एक पाठीवर लावा. वर्गशिक्षक आणि खेळाच्या प्रशिक्षकांना याची प्रत द्या. एमआरआय किंवा छातीचा स्कॅन करायची वेळ आली तर तंत्रज्ञाला आधी सांगा. सुरक्षा तपासणीत यंत्र वाजू शकतं, म्हणून प्रवासात डॉक्टरांचं पत्र जवळ असू द्या.

ठरलेल्या तारखेची तपासणी चुकवू नका, "काही त्रास नाही" म्हणूनसुद्धा. किंचित फिरलेला बार कधीकधी एक्स-रेमध्येच कळतो. कुशीत नव्याने सूज, पुरळ किंवा पाणी येऊ लागलं तर वर्ष उलटलेलं असलं तरी दाखवा. जंतुसंसर्ग किंवा धातूची ॲलर्जी उशिराही डोकं वर काढते.

टप्पा ९: बार काढणं

साधारण दोन ते चार वर्षांनी, बहुतेकदा तीन. छाती छान दिसतेय म्हणून दीड वर्षात काढून टाकायची घाई करू नका. कूर्चांना नवा आकार धरायला वेळ लागतो आणि लवकर काढलेल्या छातीत खड्डा परतण्याची भीती जास्त. उलट सहा-सहा वर्षं टाळत राहणंही चांगलं नाही. बारवर हाड चढत जातं आणि काढणं अवघड होतं.

ही शस्त्रक्रिया छोटी. पूर्ण भूल, जुन्याच छेदांतून, बहुधा त्याच दिवशी घरी. पण बार हृदयाच्या अगदी जवळून सरकत बाहेर येतो. क्वचितच, पण मोठा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून "नुसता बार तर काढायचाय" म्हणत जवळच्या कुठल्याही छोट्या ठिकाणी जाऊ नका. छाती उघडायची सोय, रक्त आणि छातीचा सर्जन जिथे हजर आहे तिथेच काढा. शक्यतो बसवणाऱ्याकडेच. ते शक्य नसेल तर बार किती, कोणत्या धातूचे, कुठे आणि कशाने बांधलेत याचा शस्त्रक्रियेचा कागद सोबत न्या. तीन वर्षांनी हा कागद सापडत नाही, म्हणून पहिल्याच ऑपरेशनच्या वेळी त्याची प्रत मागून फोनमध्ये ठेवा.

काढल्यावर दोन ते चार आठवडे जड उचलणं आणि जोराचे खेळ बंद. दुखणं पहिल्या वेळेच्या मानाने फारच थोडं असतं. वाढ अजून चालू असेल तर पुढची काही वर्षं तपासणी चालू ठेवा. आधी काढले होते तसेच तीन फोटो पुन्हा काढा. आणि पाकिटातलं, फोनच्या कव्हरमधलं, शाळेत दिलेलं ते कार्ड त्याच आठवड्यात काढून घ्या. "जास्त जोराने दाबा" ही सूचना बार नसलेल्या छातीला लागू नाही.